राहिलेलं पान

१

मी पानं उलटतो. कोणी विचारलं की शाळेत मुलांना पियानो शिकवतो असं सांगतो, आणि तेही खोटं नाही. पण वर्षातून आठ-दहा वेळा मी काळा कोट चढवतो तो पानं उलटण्यासाठी. वाजवणारी माझी थोरली बहीण. बाहेर तिला सगळे बाई म्हणतात, मी अक्का म्हणतो. ती वाजवते, मी तिच्या डाव्या हाताला साध्या खुर्चीवर बसतो. तिनं मान हलवली की उठायचं, कागदाचा वरचा कोपरा धरायचा, उलटायचा, बसायचं. टाळ्या वाजत असताना आपण खाली बघायचं. पत्रिकेत माझं नाव नसतं. एकदा वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, त्यात माझं कोपर दिसत होतं. अक्कानं ते कात्रण फ्रेम करून मला वाढदिवसाला दिलं.

या कामात एकच गुन्हा आहे, तो म्हणजे दोन पानं एकदम उलटणं. बोटांना घाम असतो, कागद एकमेकांना चिकटतात आणि वाजवणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. बावीस वर्षांत माझ्या हातून तो एकदाही घडला नव्हता.

आणखी एक सांगायला हवं. वडीलच आमचे गुरू होते आणि त्यांचा एक नियम होता. सुरू केलेली रचना त्याच वाद्यावर, त्याच दिवशी पुरी करायची. माझ्यावर त्या नियमाचा काही परिणाम झाला नाही, मी अर्ध्या गोष्टी खुशाल अर्ध्या ठेवतो. माझं लग्नसुद्धा त्यातच मोडतं. अक्काच्या मात्र तो हाडीमाशी खिळला. एकदा भर कार्यक्रमात दिवे गेले, शेवटच्या बारा ओळी राहिल्या. लोक कंटाळून घरी गेले. तासाभरानं दिवे आल्यावर ही बाई पुन्हा मंचावर गेली आणि त्या बारा ओळी वाजवून आली. ऐकायला मी आणि झाडू हातात घेतलेली एक बाई, एवढेच.

"झालं," अक्का म्हणाली. "आता मला सपाटून भूक लागलीय."

आई-वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. तिनं लग्न केलं नाही. आम्ही एकाच इमारतीत वर-खाली राहतो, आणि सकाळी वरून सरगमीचा आवाज आला नाही तर मला चहा गोड लागत नाही. मला या जगात दुसरं कोणी नाही, हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

२

यावेळचा कार्यक्रम जुन्या-नव्याचा होता. दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा उस्ताद, मग आजचा रचनाकार, पुन्हा जुना, पुन्हा नवा. जुनं सगळं तिला तोंडपाठ. तेवढा वेळ मी मंचाच्या बाजूला बसून खोकल्याची गोळी चघळायची. नवं मात्र कागद समोर ठेवून.

"जुनी मंडळी म्हणजे नातेवाईक," अक्का म्हणायची. "अंधारातही त्यांचं घर सापडतं. नव्यांकडे जाताना पत्ता लिहिलेली चिठ्ठी लागते."

शेवटची रचना अगदी ताजी, खास तिच्यासाठी लिहिलेली. एकोणीस मोठे सुटे कागद. त्या रचनेत पाच थांबे होते. थांबा आला की अक्कानं काही पट्ट्या आवाज न करता हळूच दाबायच्या आणि पायानं मधलं पेडल धरून ठेवायचं. तसं केलं की त्या पट्ट्यांच्या तारांवरची लोकरीची गादी उचललेली राहते. तारा मोकळ्या होतात, आणि मोकळी तार आसपासचा आवाज उचलते. खुर्ची करकरली तर पियानोच्या पोटात करकर उमटते. कोणी शिंकलं तर पियानो शिंकतो. यात जादू काही नाही, मी शाळेत पोरांना हे करून दाखवतो. पियानोच्या पोटात तोंड घालून ती ओरडतात आणि स्वतःचा आवाज परत आला की खिदळतात.

पाचवा थांबा सर्वांत मोठा, दीड मिनिटाचा. अठराव्या कागदावर तो एकटाच होता. पेडल धरून उभं राहायचं, वाकून डोकं झाकणाखाली न्यायचं आणि ऐकायचं. खाली रचनाकारानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काहीच ऐकू येईनासं झालं, की खर्जाची तार बोटानं हलकेच छेडा.' एकोणिसाव्या कागदावर समारोप.

सभागृह आम्हाला नवं होतं. पियानो उत्तम, फक्त त्याचं झाकण अवजड, आणि ते उघडं धरणाऱ्या टेकूचं टोक ज्या खोबणीत बसतं ती झिजलेली. पियानो सुरात लावायला आलेल्या ट्यूनरनं तिथं आडवी पितळी खीळ घातली.

"बाई, आत डोकं घालणार असाल तर ही खीळ असल्याशिवाय घालू नका," तो म्हणाला. "नुसत्या टेकूचा भरवसा नाही. जरा धक्का लागला की निसटतो."

"अहो, माझं डोकं रिकामंच आहे, काही होणार नाही," अक्का म्हणाली. ट्यूनर हसला नाही. त्यानं खीळ दोनदा हलवून पाहिली आणि हत्यारांची पेटी उचलून गेला.

३

पहिल्या दिवशी तालमीला आम्ही दोघंच होतो. सभागृहाची देखभाल करणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. तेही चहा प्यायला बाहेर गेले होते. साडेचारशे खुर्च्या रिकाम्या.

पाचवा थांबा आला. अक्का वाकली. मी मांडीवर हात ठेवून मनात सेकंद मोजत होतो. वीसच्या सुमारास तारांमधून खोकला ऐकू आला.

कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा, दोन ठसक्यांचा. उठला, मागच्या भिंतीपर्यंत गेला, तिथं रेंगाळला आणि सावकाश विरला. मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की तारांनी खोकला परत दिला होता, पण मुळात खोकला झालाच नव्हता. निदान मी तरी ऐकला नव्हता.

"ऐकलंस?" तालीम संपल्यावर मी विचारलं.

"रस्त्यावरचं काहीतरी असेल. तारा त्या, त्यांना काय कळतंय काय उचलावं."

तेवढ्यात मामा दारातून आले. मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला खोकला झालाय का?"

"मला? तीस वर्षं झाली, सर्दीसुद्धा नाही," मामा छाती फुगवून म्हणाले. अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी कागद गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी तयारीनं गेलो. सज्जात जाऊन पाहिलं, खुर्च्यांच्या रांगांमधून वाकून पाहिलं, बाहेरचं दार आतून लावून घेतलं. वेड्यासारखं वागत होतो, पण लाजायला तिथं होतं कोण. थांबा आला. वीस सेकंदांनी पुन्हा तोच खोकला, तेच दोन ठसके. आणि त्याच्यामागून एक नवा आवाज. धातूचं काहीतरी लाकडावर पडलं, घरंगळलं, थांबलं.

काल जेवढं ऐकलं होतं ते जसंच्या तसं, आणि पुढे एक भर. पोरांना धडा देताना मी असंच करतो. काल दोन ओळी, आज त्याच दोन आणि पुढची एक.

त्या रात्री मी स्वतःची समजूत घालत राहिलो. इमारतीत नळ असतील, जुन्या वाहिन्या असतील, शेजारी कुठे काम चालू असेल. सगळं पटत होतं, फक्त झोप लागत नव्हती.

४

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शेवटची तालीम. कार्यक्रम दुपारी चारला.

"अक्का, पाचवा थांबा गाळला तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"का? तेवढा वेळ तुला बसवत नाही?"

"तसं नाही. मला तो आवडत नाही."

"मग कानात बोळे घाल. वडील असते तर कान उपटले असते तुझे." तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि बाकावर बसली.

थांबा आला. ती वाकली. मी तिच्यापासून दोन हातांवर, ओठ घट्ट मिटून. खोकला. मग धातू पडला, घरंगळला, थांबला. मग मी चार मोजेपर्यंत काहीच नाही. आणि मग तारांमधून हाक आली.

तारांना व्यंजनं जमत नाहीत, स्वर तेवढे येतात. आधी एक आखूड 'अ', मग लांब, फाटलेला 'आ'. बाजूच्या दारातून कोणी जीव खाऊन मारावी तशी हाक. स्वतःचा आवाज परका वाटतो म्हणतात. मला तसं काहीही वाटलं नाही. मी जन्मभर तिला ज्या आवाजात अक्का म्हणत आलो तोच तो आवाज होता, फक्त त्यात इतकी भीती मी कधी घातली नव्हती.

अक्कानं दचकून मान वर केली. डोकं झाकणावर आपटलं. झाकण हललं, टेकू कुरकुरला, पितळी खीळ करकचून अडली. पेडलवरचा पाय निघाला आणि सगळे आवाज एकदम बंद झाले.

"ओरडतोस काय गाढवासारखा माझ्या कानात!" ती डोकं चोळत म्हणाली.

"मी ओरडलो नाही."

"मग कोण? मी?"

"अक्का, शपथ. मी तोंड उघडलं नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चेहरा पांढराफटक पडला असावा, कारण तिचा राग उतरला. "तू घाबरलायस," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्याऐवजी तूच घाबरतोस दरवेळी. जा, दोन घास खाऊन घे. चारला भेटू."

मी घास खाल्ला नाही. कशानं मी अशी हाक मारेन, एवढंच डोक्यात घोळत होतं. तिला चक्कर येणार? छातीत कळ? ती पडणार? कारण काहीही असो, मला त्याची जागा ठाऊक होती. अठरावं पान.

५

सभागृह भरलं होतं. अक्कानं जुना उस्ताद असा वाजवला की माझ्या शेजारी उभे असलेले मामासुद्धा डोळे पुसू लागले. मी गोळी चघळत होतो आणि ती कडू लागत होती.

शेवटची नवी रचना आली. मी जाऊन खुर्चीवर बसलो. पहिला थांबा नीट गेला. दुसऱ्यात मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. भरल्या सभागृहात खोकतातच, त्याशिवाय कार्यक्रम पुरा होत नाही. खोकला जागच्या जागी मेला, कापसात दाबल्यासारखा. तारांनी तो थोडासा उचलला.

तिसरा थांबा शांत गेला. चौथ्यात कोणाच्या तरी मांडीवरून किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. लोकांनी माना वळवल्या.

खोकला झाला. धातू झाला. आता राहिली फक्त माझी हाक.

सतरावं पान संपत आलं. मी उठलो, कोपरा धरला. बोटं कोरडी ठणठणीत होती. अक्कानं मान हलवली. मी अंगठ्यानं सतरावं आणि तर्जनीनं अठरावं, दोन्ही एकदम उचलून उलटी केली आणि खाली बसलो.

तिच्यासमोर एकोणिसावं पान होतं. तिचे हात पट्ट्यांवर अधांतरी थांबले. एवढासा क्षण, बाहेर कोणाच्या लक्षातही आला नसेल. मग तिनं समारोप वाजवला, आणि असा वाजवला की लोक उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे खाली बघत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती उभी होती, हसत होती, वाकून नमस्कार करत होती, आणि मला एवढंच हवं होतं.

६

मंचामागच्या खोलीत आल्यावर तिनं दार लावलं.

"बोटांना घाम होता?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. दोन बोटांनी दोन पानं उचललीस. मी बघत होते." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही मुद्दाम."

"तुझ्यासाठी केलं, अक्का. घरी गेल्यावर सांगतो. तू हसशील, पण सांगतो."

तिनं माझ्या कोटाची कॉलर सारखी केली, लहानपणी शाळेत सोडताना करायची तशी. "बरं," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी आणखी एक काम कर. चहा आण. साखर जास्त."

मी शीळ घालत गेलो. खरंच शीळ घालत. समोरच्या टपरीवर गर्दी होती, श्रोतेच होते, बाईंचं कौतुक चाललं होतं. मी रांगेत उभा राहून ते कान भरून ऐकलं. दोन कप घेऊन परत आलो तेव्हा खोलीत ती नव्हती. पर्स होती, फुलं होती. भेटायला कोणी आलं असेल म्हणून मी कप ठेवले आणि कागद आवरायला घेतले. प्रत्येक कार्यक्रमानंतर मी ते मोजतो, सवयच आहे.

अठरा भरले.

पुन्हा मोजले, आकडे बघून. सोळा, सतरा, एकोणीस.

आणि तेवढ्यात मंचाकडून खोकला ऐकू आला. कोरडा, दोन ठसक्यांचा. उठला, मागच्या भिंतीपर्यंत गेला, तिथं रेंगाळला आणि सावकाश विरला.

दुपारचा खोकला असा नव्हता. दुपारचा जागीच मेला होता, कारण सभागृह माणसांनी भरलेलं होतं आणि माणसं आवाज पिऊन टाकतात. असा रेंगाळणारा आवाज रिकाम्या सभागृहाचाच. हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो, पहिल्याच आठवड्यात. तीन दिवस तो आवाज माझ्या कानाशी येऊन सांगत होता की कार्यक्रमात नाही, नंतर. सगळे गेल्यावर. आणि कार्यक्रमात ते पान झालं असतं, तर नंतर काही उरलंच नसतं.

७

मी धावलो. बाजूच्या दाराशी पोहोचलो आणि सगळं एकदम दिसलं.

साडेचारशे खुर्च्या रिकाम्या. मंचाखाली मामा, पियानोवर घालायची जाड खोळ झटकताना. धूळ उडत होती, आणि तीस वर्षं सर्दी न झालेले मामा तोंडापुढे मूठ धरून उभे होते. मंचावर अक्का. अठरावं पान समोर. पाय पेडलवर, कमरेत वाकलेली, डोकं पार आत. तिच्यावर ते झाकण, आणि झाकणाखाली नुसता टेकू. खोबणीत पितळी खीळ नव्हती. झाकण लावायचं म्हणून मामांनी ती आधीच काढून पियानोच्या काठावर ठेवली होती. अक्का दोन मिनिटं मागून घेऊन बसली असणार, आणि मामांना ती परत घालायचं सुचलं नसणार.

तारा थरथरत होत्या. काठावरची खीळ हळूहळू सरकत होती. ती मंचाच्या लाकडावर पडली, घरंगळली, थांबली.

हाक घशापर्यंत आली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हाक मारायची नाही. हाक मारली की ती दचकेल, दचकली की मान वर करेल, आणि यावेळी धरायला खीळ नाही. आपण गप्प राहिलो तर काहीही होणार नाही. एवढी साधी गोष्ट. वीस पावलं आहेत, न बोलता जायचं, झाकणाला हात लावायचा, बस.

एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मी श्वाससुद्धा घेत नव्हतो. तळहातात दात रुतले होते, रक्ताची चव लागत होती. तिसरं टाकलं. अक्का ऐकत होती, अगदी स्थिर, लहानपणी वडील वाजवताना दाराला कान लावून ऐकायची तशी. चौथं.

आणि तारांमधून हाक आली. आधी एक आखूड 'अ', मग लांब, फाटलेला 'आ'. माझ्याच आवाजात.

"काय रे?" म्हणत अक्कानं झटकन मान वर केली.